पांढरी मारबत

सदरमधले आमचे घर वडिलांनी घेतले तेव्हाच जुने होते. रेसिडेन्सी रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत ते अजून उभे आहे. आजूबाजूला पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या इमारती उठल्यामुळे आता ते लग्नाच्या फोटोत पुढे बसवलेल्या लहान मुलासारखे दिसते. या घराच्या मधल्या दाराची चौकट बुटकी आहे. तिच्यावर आजवर डोके आपटून घेतलेल्यांत एक व्याही, तीन विमा एजंट आणि आमच्या मुलीला पाहायला आलेला एक मुलगा यांचा समावेश आहे. (टेंगूळ उतरायच्या आत मुलाकडून होकार आला. तेच आमचे जावई.) मी पाच फूट तीन इंच, त्यामुळे मला या चौकटीने कधी त्रास दिला नाही. चिरंजीव मात्र पाच फूट अकरा. त्यांची आणि चौकटीची आठवड्यातून एकदा तरी गाठ पडतेच.

गेल्या डिसेंबरात या चिरंजीवांनी नोकरी सोडली. कायमची नोकरी होती, ती त्यांनी कायमची सोडली. घरी बसून संगणकावर चित्रे काढण्याची कामे करणार म्हणाले. मी बापाने जे बोलायचे ते बोललो, त्यांनी मुलाने जे बोलू नये ते बोलून दाखवले, आणि त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. तीन खोल्यांच्या घरात अबोला पाळणे म्हणजे काय, ते ज्याने पाळला आहे त्यालाच ठाऊक. सगळा पत्रव्यवहार सौ.मार्फत चाले.

"त्याला म्हणावं, गिझर चालू राहिलाय," मी म्हणायचा. चिरंजीव माझ्यापासून दोन हातांवर बसलेले.

"आई, बाबांना सांग, बंद केला मघाशीच."

सौ. खाली मान घालून मेथी निवडत असे. ती कोणालाच काही सांगत नसे. पण टपाल तिच्या कचेरीतूनच गेले पाहिजे, असा आम्हा दोघांचाही कटाक्ष होता.

एप्रिलमध्ये घरी प्लॅस्टिकचे पांढरे तक्ते आले. दोन मिलिमीटर जाडीचे, दारे असावीत एवढे मोठे. मला वाटले, गच्चीवरच्या टाकीला झाकण करायचे असेल. पोरगा ताळ्यावर आला. मी सौ.मार्फत चौकशी केली. उत्तर आले, की चिरंजीव घरच्या घरी एक चिलखत करणार आहेत.

"कोणाचं? शिवाजी महाराजांचं?"

"नाही हो. त्या अमेरिकन सिनेमातल्या शिपायाचं. आकाशात लढाया करतात तो."

१९७७ साली जॉर्ज ल्युकस या गृहस्थांनी 'स्टार वॉर्स' नावाचा सिनेमा काढला. त्यात दुष्ट साम्राज्याचे जे शिपाई आहेत, ते नखशिखान्त पांढऱ्या चिलखतात असतात. त्यांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात. म्हणजे चिरंजीवांनी निवडून निवडून वेष निवडला तो शत्रुपक्षातल्या हवालदाराचा! निदान नायकाचा तरी निवडायचा. पण नायक म्हणे साधा सदरा घालून हिंडतो, त्यात करण्यासारखे काही नाही.

चिलखत हा शब्द ऐकल्यावर मला माझे कवच आठवले. मी दहा वर्षांचा असताना गल्लीच्या गणेशोत्सवात कर्ण झालो होतो. वडिलांनी पुठ्ठ्याला सोनेरी बेगड चिकटवून रात्रभर कवच केले आणि पाठीमागे नाड्यांनी आवळून बांधले. वडिलांची गाठ ती! इंद्र दान मागायला आला, मी मोठ्या उदार मनाने "घे" म्हणालो, आणि गाठ सुटेना. इंद्राने ओढले, मी ओढले, शेवटी इंद्राने विंगेत बघून कात्री मागितली. जन्मजात कवच अंगावरून काढणे किती कठीण होते, हे त्या दिवशी प्रेक्षकांना पहिल्यांदाच कळले असावे.

पण चिरंजीवांचे काम पुठ्ठ्याचे नव्हते. त्यांना चिलखत हवे होते ते पडद्याबरहुकूम. म्हणजे पडद्यावर जसे दिसते तसेच्या तसे. कमी नाही, जास्त नाही. अशी चिलखते करणाऱ्या हौशी लोकांची '५०१वी लीजन' नावाची जगभर पसरलेली पलटण आहे. अल्बिन जॉन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ती १९९७ साली काढली. दुष्टांचे वेष घालून ही मंडळी इस्पितळांतल्या आजारी मुलांना भेटतात, धर्मादाय कामांना पैसे जमवून देतात. (आपल्याकडे सहसा याच्या उलट पद्धत आहे.) या पलटणीत शिरायचे तर चिलखत नियमावलीत बसावे लागते. कुठला पट्टा कुठे, कुठली कड किती रुंद, कुठल्या जागी किती बटणे, सगळे लिहिलेले.

नियमावली! वाचकहो, मी बत्तीस वर्षे सरकारी हिशेब तपासण्यात घालवली आहेत. सिनेमा, चिलखत, अंतराळ यांतले मला काही कळत नाही. पण एखाद्या गोष्टीची नियमावली आहे आणि ती न तपासता पडून आहे, हे मला बघवत नाही. चिरंजीवांची मापांची वही टेबलावर उघडी असे. एका दुपारी ते झोपलेले पाहून मी टेप घेतला आणि डाव्या हाताचा तुकडा मोजला. मग लाल पेनने वहीत शेरा मारला: 'डावा हात, मनगटाजवळ ४ मि.मी. जास्त. खुलासा करावा.'

दुसऱ्या दिवशी खाली निळ्या शाईत उत्तर होते: 'खुलासा: कापताना चूक झाली. दुरुस्ती केली आहे. कृपया तपासावे.'

पाच महिन्यांत मुलाने मला थेट लिहिलेले ते पहिले वाक्य. मी तपासले. 'तपासले. योग्य आहे,' असे लिहून सही केली. तारीखसुद्धा घातली.

मग काय, फाइल सुरू झाली. दिवसा निळी शाई, रात्री लाल. सौ.चे टपालखाते हळूहळू बंद पडत आले. पण तिने तक्रार केली नाही.

आता हे चिलखत होते कसे, ते सांगतो. मूळ सिनेमासाठी ते ज्या रीतीने झाले, त्याच रीतीने आमच्या अंगणात झाले. आधी मातीत आकार घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा. मग लाकडी खोके करायचे, त्याच्या वरच्या फळीला चाळणीसारखी भोके पाडायची आणि बाजूला घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडायची. साचा खोक्यावर ठेवायचा. प्लॅस्टिकचा तक्ता चौकटीत आवळून शेगड्यांवर धरायचा. तो मऊ होऊन झोळीसारखा लोंबला, की झटकन साच्यावर दाबायचा आणि यंत्र चालू करायचे. खालून हवा ओढली जाते, तक्ता साच्याला घट्ट बिलगतो आणि थंड झाला की तोच आकार धरून बसतो.

गोम आहे ती 'झटकन' या शब्दात. तक्ता लवकर उचलला तर कोपरे उमटत नाहीत, उशिरा उचलला तर भोक पडते. पहिले चार तक्ते वाया गेले. मे महिना, नागपूरचे ऊन पंचेचाळीसच्या पुढे, त्यात दोन शेगड्या. पाचव्या वेळेला सौ. पदराला हात पुशीत बाहेर आली, दोन मिनिटे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "पापडासारखं आहे हे. थांबा. थांबा. हं, आता उचल!" तक्ता साच्यावर असा बसला, की नाव ठेवायला जागा नाही. त्यानंतरचा एकही तक्ता तिला विचारल्याशिवाय उचलला गेला नाही. पलटणीच्या नियमावलीत हा मुद्दा नाही, असायला हवा.

शिरस्त्राण मात्र चिरंजीवांना जमेना. मातीचे डोके झाले, पण साचा काढताना त्याचे तुकडे पडत. शेवटी सौ.ने हुकूम काढला, "महालात चितार ओळीत न्या. आणि ते डोकं जड आहे, दोघं जा." चितार ओळ म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांची जुनी ओळ. सदर ते महाल आम्ही स्कूटरवरून गेलो. पुढे चिरंजीव, मागे मी, आणि मध्ये मातीचे डोके. तिघांतले कोणीच एक शब्द बोलले नाही.

मूर्तिकाराने डोके फिरवून फिरवून पाहिले.

"कोन्ता देव हाय हा?"

"देव नाही, शिपाई आहे," चिरंजीव म्हणाले.

"कोनाचा?"

"दुष्टांचा."

"मंग ठीक. पन भाऊ, याचे डोये सारखे नाईत. एक बाजू चुकली तुमची. करून देऊ का बरोबर?"

चिरंजीव किंचाळलेच. "नको, नको! मुळातच तसं आहे!"

आणि ते खरे होते. सिनेमातले मूळ शिरस्त्राण १९७६ साली हाताने घडवलेले. त्यामुळे त्याची डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही. जगभरचे हौशी लोक तो वाकडेपणा जपतात. सरळ केलात तर ते खोटे ठरते.

मूर्तिकार खाली बसला. "चाळीस वर्सं झाली मूर्ती करून राह्यलो, पन मुद्दाम वाकडा डोया आजपावेतो कोनी मागितला नाई. साचा काढून देतो. पन मी याले मूर्ती म्हननार नाई."

त्याला ठाऊक नव्हते, पण हाच निकाल विलायतेच्या सुप्रीम कोर्टाने २०११ साली दिलेला आहे. सिनेमासाठी ही शिरस्त्राणे प्लॅस्टिकमध्ये काढून देणारे अँड्र्यू एन्सवर्थ नावाचे कारागीर पुढे स्वतःच त्यांच्या प्रती विकू लागले. ल्युकस यांच्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. शिरस्त्राण हे शिल्प आहे की सिनेमा काढण्यासाठी केलेली कामाची वस्तू, असा वाद पार वरपर्यंत गेला. आणि न्यायमूर्तींनी सांगितले, की हे शिल्प नव्हे. त्या न्यायमूर्तींना एवढी वर्षे लागली. चितार ओळीत पाच मिनिटांत काम झाले.

जूनमध्ये तुकडे तयार झाले. छाती, पाठ, पोट, खांदे, दंड, मनगटे, मांड्या, पोटऱ्या. लहानमोठे मिळून पंचवीस-तीस भरतील. जोडायला लागणारे इलॅस्टिक, पट्टे आणि टिचबटणे मंगळवारी बाजारातून आली. एक दिवस संध्याकाळी घरी आलो तर सौ. पलंगाखाली शिरलेली. केरसुणीने कोपरे धुंडाळणे चालले होते.

"काय हरवलं?"

"याच्या गुडघ्याची वाटी हो! डाव्या पायाला आहे, उजव्या पायाची तासाभरापासून शोधतेय. कुठं पडली कोण जाणे. तो आला की रडेल."

मी नियमावली काढून दाखवली. मूळ शिपायाला एकाच गुडघ्याला वाटी आहे. डाव्या. सौ. केस झटकीत बाहेर आली आणि म्हणाली, "मेल्यांना दुसरी करायला काय झालं होतं?" साम्राज्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

त्याच आठवड्यात तुकडे धुऊन आम्ही अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. दोरीला पाय लटकले आहेत, हात लटकले आहेत, मध्ये एक धड डुलते आहे. शेजारचे काका फाटकाशी थबकले. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात, हे आपल्याला माहीत असेलच. गावावरची इडापिडा घेऊन जाणारे ते पुतळे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काकांनी दोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"काळी पाह्यली, पिवळी पाह्यली," ते म्हणाले. "यंदा सदरची पांढरी का?"

गल्लीत ते नाव कायम झाले.

चिरंजीव रात्री संगणकावर तो सिनेमा लावून बसत आणि एकेक चित्र थांबवून तपशील टिपत. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे उभा राही. त्या दिवसांत मी फार पाणी प्यालो. एका रात्री मला पडद्यावर एक गोष्ट दिसली. शिपायांची तुकडी एका खोलीत घुसते आणि त्यातला एक जण दाराच्या वरच्या कडेवर फाडकन डोके आपटतो! बत्तीस वर्षांचा तपासनीस माझ्यात जागा झाला. वहीत लाल शेरा मारला: 'मूळ चित्रपटातच चूक. शिपाई दारावर आपटतो. जबाबदार कोण?'

सकाळी पानभर निळे उत्तर होते. ही चूक साऱ्या जगाला ठाऊक आहे. २००२ साली त्याच मालिकेतल्या पुढच्या एका सिनेमात दुसऱ्या एका पात्राने तिची आठवण म्हणून मुद्दाम डोके आपटून घेतले. आणि २००४ साली जुना सिनेमा डीव्हीडीवर निघाला, तेव्हा चूक काढून टाकण्याऐवजी तिला 'ठक्' असा आवाज जोडून दिला.

मी ते पान दोनदा वाचले. आमच्या खात्यात चूक सापडली की पगारातून वसूल होत असे. चुकीला आवाज देऊन तिचा सत्कार करणारी मंडळी जगात आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळले. नोकरी सोडलेल्या मुलाला डिसेंबरात मी काय काय म्हणालो होतो, ते त्या दिवशी उगाचच आठवत राहिले.

माझ्याकडून या कामात एकच भर पडली. शिरस्त्राणात हवा खेळत नाही. मी जुन्या संगणकातला छोटा पंखा आत बसवला, त्याला बॅटरी जोडली, आणि पंख्यापुढे आमच्या कूलरमधली वाळ्याची एक जुडी ओली करून ठेवली. नागपूरचा माणूस दुसरे काय करणार? मग वहीत विचारले, 'नियमात बसते का?' उत्तर आले, 'बाहेरून दिसत नाही. हरकत नाही. वास छान येतो.'

शेवटी तान्हा पोळा आला. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. मुले नटूनथटून लाकडी बैल ओढीत दारोदार जातात आणि बोजारा गोळा करतात. आमची नात सहा वर्षांची. तिने नऊवारी नेसून शेतकरीण व्हायचे आणि मामाने चिलखत घालून तिच्या बैलाचे रक्षण करायचे, असे ठरले होते. कोणी ठरवले, असे विचारू नका. घरात टपालखाते चालवणारी व्यक्ती एकच आहे.

दुपारी सौ. आणि मुलगी आतल्या खोलीत नऊवारीशी झगडत होत्या. बाहेरच्या खोलीत चिरंजीवांनी पोटऱ्या चढवल्या, मांड्या चढवल्या (त्या चढवल्यावर माणसाला बसता येत नाही), हात चढवले. छाती आणि पाठ अंगावर घेतली. आणि तिथे गाडी अडकली. पाठीच्या बाजूची बटणे स्वतःला लावता येत नाहीत. हात मागे जातच नाही. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिले. वही टेबलावर होती, पण त्या मोज्यांत पेन धरता येईना.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "जरा मागची बटणं लावता का?"

आठ महिन्यांनी.

मी उठलो. चष्मा लावला. डाव्या खांद्यामागे एक, कमरेला दोन, उजवीकडे दोन. शाळेच्या पहिल्या दिवशी याच पोराच्या शर्टाची बटणे मी लावली होती, तेव्हा मी वाकलो होतो. आता टाचा उंचवाव्या लागल्या. आणि माझ्या पाठीवर नाड्या आवळणारी वडिलांची बोटे मला एकदम आठवली. तेही कमी बोलत. बोलण्याऐवजी घट्ट गाठ मारत. एक कर्ण सोडला तर कवच कोणाला जन्मतः मिळत नाही. आणि मिळालेले कवच एकट्याने बांधताही येत नाही. मागे कोणीतरी उभे राहावे लागते.

"घट्ट होतंय का रे?" मी विचारले.

"नाही. ठीक आहे."

"सैल?"

"नाही बाबा. बरोबर आहे."

एवढेच बोलणे झाले. माझे शेवटचे बटण जरा वेळाने लागले, कारण चष्म्यावर काहीतरी आले होते.

मग शिरस्त्राण चढले. आतला पंखा घूं करू लागला, वाळ्याचा वास सुटला. सदरचा शिपाई ताठ झाला, वळला आणि भाचीला आणायला रुबाबात आतल्या खोलीकडे निघाला.

ठक्!

मधल्या दाराच्या चौकटीने आपले काम चोख बजावले होते. क्षणभर घर गप्प. सौ. आतून धावत आली. शिपाई जागच्या जागी उभा होता, आणि शिरस्त्राणातून कसलासा आवाज येत होता. मला वाटले, पोरगा कळवळतो आहे. नंतर लक्षात आले, की तो हसतो आहे. मग मीही हसू लागलो. हसता हसता मी भिंतीला टेकलो, आणि त्याला बसता येत नसल्यामुळे तो चौकटीला धरून उभ्याने हसत राहिला.

गल्लीतून मिरवणूक झकास निघाली. पुढे लाकडी बैल, मागे नऊवारीतली शेतकरीण, तिच्यामागे अंतराळातला शिपाई. घरोघरी नातीला बोजारा मिळाला. एका आजींनी शिपायालाही दहाचे नाणे दिले. मोज्यातून ते धरवेना, तेव्हा आजींनी ते गळ्याजवळच्या फटीतून आत सोडले. संध्याकाळपर्यंत तो चालताना खुळखुळत होता.

पलटणीकडे फोटो पाठवले आहेत, उत्तर यायचे आहे. नोकरीचा विषय घरात अजून निघालेला नाही. निघेल, आणि तेव्हा आम्ही पुन्हा भांडूही. आता थेट भांडता येईल, एवढा फरक. त्या रात्री बटणे काढून झाल्यावर मी वही उघडली आणि लाल पेनने शेवटचा शेरा लिहिला:

'मधले दार: पडद्याबरहुकूम. दुरुस्ती करू नये.'